‘तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो’ : सहल, चाकाची खुर्ची आणि निवडीचं स्वातंत्र्य

बसा, बसा, मागे अजून जागा आहे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

सुरुवातीला एक कबुली देतो. मागच्या महिन्यात आपण स्वातंत्र्य या कल्पनेवर बोललो, तेव्हा मी एक उदाहरण दिलं होतं. दोन माणसं आहेत, दोघांना सुट्टीत कुठंही जायची मुभा आहे, कायद्यानं कुणालाच अडवलेलं नाही. तर या अर्थानं दोघंही सारखीच स्वतंत्र. उदाहरण सोपं होतं, मी पुढे गेलो. चार दिवसांनी एका श्रोत्या बाईंचं पत्र आलं. त्या बारा वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहेत. पत्र लहान होतं. ‘सर, तुमची व्याख्यानं मी घरूनच ऐकते, कारण तुमचं सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. तुमच्या उदाहरणातलं दुसरं माणूस मी आहे असं समजा आणि पुन्हा एकदा सांगा.’

मी आज येताना जिना मोजला. बावीस पायऱ्या आहेत. आठ वर्षं मी इथे बोलतोय, आणि त्या मोजायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तर आज तेच उदाहरण पुन्हा. सुट्टी, सहल आणि ज्याला चालता येत नाही असा प्रवासी. विषय हलका वाटेल. कुणी म्हणेल, अपंगांच्या शिक्षणाचं, नोकरीचं आधी बघा, सहलीचं काय घेऊन बसलात? याचं उत्तर पुढे येईल. शब्दाबद्दल एवढंच सांगतो, की सरकारी भाषेत आता ‘दिव्यांग’ म्हणतात. मी ‘अपंग’ म्हणणार आहे, कारण माझा थोरला भाऊ स्वतःला तेच म्हणतो. त्याचं म्हणणं, ‘मला काय म्हणायचं ते म्हणा, पण रॅम्प करा.’

या भावाबद्दलच आता बोलतो. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आज एकोणऐंशीचा आहे. तो तिसऱ्या वर्षी पोलिओनं दोन्ही पायांनी गेला. तेव्हा पोलिओची लस जगात कुठंच नव्हती. साठीपर्यंत तो कॅलिपर आणि कुबड्यांवर चालला, मग खांदे गेले आणि खुर्ची आली. आमचं घर सहलींचं वेडं. पन्हाळा, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, कुठं कुठं गेलो. आणि प्रत्येक ठिकाणी, गाडी थांबली की, दादाचं एक वाक्य ठरलेलं: ‘तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो.’ मग आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आईची चप्पल, सगळं त्याच्याजवळ. आम्ही दोन तासांनी लाल तोंडानं परत यायचो, तो पेपर वाचत असायचा. घरात सगळे म्हणायचे, दादाला गाडीत बसून पेपर वाचायला आवडतं. मीही म्हणायचो. पुढे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट झाली तरी म्हणत होतो.

आता या वाक्याकडे जरा बघू. ‘मी इथे बसतो.’ ही निवड आहे का? कुणी जबरदस्ती केली नाही. तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. यॉन एल्स्टर नावाचा नॉर्वेजियन विचारवंत आहे, त्याचं १९८३ चं पुस्तक आहे, आणि त्याचं नावच मुळी ‘आंबट द्राक्षं’. आपली कोल्ह्याची गोष्ट. एल्स्टरचा मुद्दा असा, की जे मिळणारच नाही ते आपल्याला नकोसं वाटू लागतं, आणि हे घडताना आपल्याला कळतही नाही. म्हणजे पसंती ही परिस्थितीच्या मापानं कापली जाते, शिंप्याकडे उरलेल्या तुकड्यात बसेल तेवढाच सदरा शिवावा तशी. अमर्त्य सेन आणि मार्था नुसबॉम यांनी हाच धागा पुढे नेला. माणूस ‘मी समाधानी आहे’ म्हणतोय एवढ्यावरून त्याच्यावर अन्याय नाही असं ठरत नाही.

पण एक सावधगिरी हवी. याच युक्तिवादानं आपण दुसऱ्याच्या प्रत्येक ‘नको’ला ‘तुला खरं म्हणजे हवंय’ म्हणू शकतो, आणि ते भयंकर आहे. काही लोकांना गाडीत बसून पेपर वाचायला खरंच आवडतं! मग फरक कसा ओळखायचा? माझ्या मते एकच मार्ग आहे: दुसरा पर्याय खरोखर समोर ठेवायचा आणि मग विचारायचं. पर्याय न ठेवता घेतलेला होकार किंवा नकार, दोन्ही कच्चे.

दादा सत्तरीचा झाला तेव्हा मी त्याला विचारलं, इतक्या उशिरा. तो म्हणाला, ‘पेपर कसला रे. सहलीच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाणी बंद करायचो. वाटेत लघवीला लागली तर काय, एवढीच भीती. तुम्ही गेलात की मी घड्याळ बघत बसायचो.’ म्हणजे मे महिन्यात, एसटी स्टँडवर, कोकणातल्या उकाड्यात, माझा भाऊ तहानलेला बसायचा आणि आम्ही समजायचो त्याला वाचनाची आवड आहे.

हे मी त्या बाईंना फोनवर सांगितलं, तर त्या हसल्या. ‘सर, आम्ही सगळेच पाणी बंद करतो.’

इथे तत्त्वज्ञानातला एक भेद कामाला येतो. १९७६ साली इंग्लंडमध्ये काही अपंग लोकांच्याच एका संघटनेनं मांडणी केली, की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. पाय चालत नाहीत ही उणीव. पण इमारतीला पायऱ्याच आहेत, शौचालयाचं दार अरुंद आहे, म्हणून मला आत जाता येत नाही, हे अपंगत्व. ते समाजानं तयार केलेलं आहे. पुढे माइक ऑलिव्हर यांनी याला ‘सामाजिक प्रतिमान’ असं नाव दिलं. यावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. वेदना, थकवा, उठता-बसता लागणारी मदत, हे सगळं काही समाजानं केलेलं नसतं. मी त्यात आपल्यापुरती दुरुस्ती करतो: काही अडचणी डोंगरानं केलेल्या असतात आणि काही कंत्राटदारानं. डोंगराशी भांडता येत नाही. कंत्राटदाराशी भांडता येतं.

आता कंत्राटदाराकडे येऊ, कारण सहल बिघडते ती इथे.

रॅम्पचं साधं गणित आहे, एकास बारा. म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट उतार लागतो. सहा पायऱ्यांचा चौथरा असेल तर छत्तीस फूट. आता तुम्ही पाहिलेले रॅम्प आठवा. बहुतेक ठिकाणी स्कूटर चढवायला केलेली घसरगुंडी असते, आणि खाली दोन कुंड्या! अशा उतारावर खुर्ची ढकलणारा हाफ हाफ करतो आणि उतरताना बसलेल्याचा जीव मुठीत. दाराचं तसंच. साधी खुर्ची दोन-सव्वादोन फूट रुंद असते, तिला तीन फुटांचं दार हवं. आणि आत गेल्यावर वळायला पाच फुटांची मोकळी जागा हवी. हॉटेलची खोली ऐसपैस असते हो, पण न्हाणीघराचं दार बघा. सगळ्यात अरुंद दार तेच. बांधणाऱ्याला वाटतं, इथे काय माणूस एकटाच जाणार!

हॉटेलला फोन केला तर काय होतं याचा माझा थोडा अभ्यास झालाय. ‘तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘हो सर, आहे ना, आमच्याकडे स्वतःची व्हीलचेअर आहे.’ म्हणजे जिन्याखाली एक गंजलेली खुर्ची. पायऱ्यांचं विचारलं तर ‘दोनच आहेत.’ दोनच म्हणजे किती? गेल्यावर पाच. ‘आमची पोरं आहेत ना, उचलून घेतील.’ यात लबाडी नसते, चांगुलपणाच असतो, म्हणून तर रागावता येत नाही. आता मी असं विचारतच नाही. मी म्हणतो, ‘टेप घ्या, न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी मोजा, आणि दार उघडं ठेवून फोटो पाठवा. कमोडच्या बाजूचाही एक.’ फोटो आला तर अर्धं काम झालं. पलंगाची उंचीही विचारावी. आजकाल फॅशनमध्ये इतके बुटके पलंग येतात की त्यावरून खुर्चीत येणं म्हणजे विहिरीतून वर येणं. आणि लिफ्ट आहे म्हणाले तर ती रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की अर्धा जिना चढून, हेही विचारा.

रेल्वेबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडचे उंच फलाट रुळापासून साधारण पाऊण मीटरच्या थोडे वर असतात, आणि डब्याची जमीन सव्वा मीटरच्या आसपास. मधला फरक पायऱ्यांनी भरलाय. अनेक मेल-एक्स्प्रेसना अपंगांसाठी डबा असतो, रुंद दाराचा. पण तो गाडीच्या एका टोकाला, आणि कुटुंब दुसरीकडे. वंदे भारतमध्ये टोकाच्या डब्यात खुर्चीसाठी जागा ठेवली आहे, ती चांगली गोष्ट. एसटीत तिकिटाला सवलत आहे. ती तिकिटाची आहे, चढण्याची नाही.

विमानात सोयी जास्त आहेत, आणि तरी आपल्या देशातला या विषयावरचा एक मोठा खटला विमानाचाच आहे. जीजा घोष या कोलकात्याच्या कार्यकर्त्या, त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्यानंतर त्यांना खाली उतरवलं. परिषद हुकली. १२ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. त्या निकालात जोर आहे तो मानवी प्रतिष्ठेवर. हे लक्षात घ्या: त्यांना कुणी मारलं नाही, शिवीगाळ केली नाही. ‘तुमच्या काळजीपोटीच’ अशीच भाषा अशा वेळी असते. कुणाला तरी वाटलं, हिला हा प्रवास झेपणार नाही, आणि तिला न विचारता तिच्या वतीनं निर्णय झाला. मघाशी म्हटलं ना, ‘दादाला पेपर आवडतो’, तेही याच जातीचं. आमचं विमान लहान होतं एवढंच.

आता सहलीचं काय घेऊन बसलात, या प्रश्नाचं उत्तर. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. त्यातलं तिसावं कलम वाचा. त्यात संस्कृती, करमणूक, खेळ आणि पर्यटन यांत सहभागी होण्याचा हक्क सांगितलाय. उगाच नाही सांगितला. दवाखाना आणि कचेरी इथे आपण गरज म्हणून जातो. तिथे अपंग माणूस गेला तर सगळ्यांना पटतं. पण तो नुसता मजा करायला, काही कारण नसताना, समुद्रावर बसायला जातो तेव्हाच आपण त्याला आपल्यासारखा माणूस म्हणतोय की नाही हे कळतं. गरजेपुरतं द्यायचं ही दयेची रीत झाली. बरोबरीच्या माणसाला चैनही करता यायला हवी.

आपल्या २०१६ च्या कायद्यानं सुगम्यता बंधनकारक केली. पण नियमावलीतल्या पंधराव्या नियमात निकष असे घातले की ते शिफारशीसारखे वाचता येत होते. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ पासून न्यायालयात लढा दिला होता. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवायला सांगितलं. आमच्या शास्त्रात ‘असावं’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतल्या फरकावर ग्रंथ लिहिलेत. तो फरक किती असतो, तर एका उताराएवढा.

पैशाचंही बोललं पाहिजे. सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये दोन अडथळे वेगळे केलेत. अपंग माणसाला कमावणं अवघड जातं, हा एक. आणि कमावलेल्या पैशाचं जगण्यात रूपांतर करणं अवघड जातं, हा दुसरा. दुसरा आपल्याला दिसत नाही. आमच्या वेरूळच्या सहलीला माझा जो खर्च एकट्यानं एसटीनं झाला असता, त्याच्या कितीतरी पट दादाचा झाला, कारण गाडी स्वतंत्र, मदतीला एक मुलगा, आणि खालच्या मजल्यावरची मोठी खोली, जी नेहमी महागच असते. दोघांचं पेन्शन जवळजवळ सारखं. ते हातात सारखं असूनही सारखं नव्हतं.

आता वारशाचा प्रश्न; मला सगळ्यात जास्त गुंतवणारा. किल्ला, लेणी, देऊळ, इथे रॅम्प केला तर मूळ रूप बिघडतं, असं म्हणतात. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर हा वाद पेटला. तिथे २००४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी लिफ्ट बसवली, ती वरचेवर बंद पडायची. डिसेंबर २०२० मध्ये नवी तिरपी लिफ्ट आली आणि वर काँक्रीटचे रस्ते झाले. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांत खळबळ उडाली: खडकावर काँक्रीट म्हणजे काय! त्यांची काळजी खोटी नव्हती. काँक्रीट कसं ओतलं, किती ओतलं, यावर आक्षेप घेता येतो. पण ‘मूळ रूप’ म्हणजे कोणतं? अभिजात काळात त्या टेकडीवर चढायला पायऱ्या नव्हत्या, भलामोठा रुंद उतार होता. यज्ञाची जनावरं तिथूनच वर जायची. आणि त्याहून गमतीची गोष्ट. एपिडॉरस इथे अस्क्लेपिअस या आरोग्यदेवाचं स्थान आहे. २०२० मध्ये डेबी स्नीड या अभ्यासिकेनं दाखवलं, की तिथल्या नऊ इमारतींना मिळून अकरा दगडी उतार होते. तिचं म्हणणं, तिथे येणारे लंगडे, थकलेले, आजारी भाविक लक्षात घेऊनच ते बांधले असावेत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी! म्हणजे उतार ही आधुनिक भेसळ आणि पायरी हीच परंपरा, असं धरून चालायचं कारण नाही.

आपल्या किल्ल्यांचं थोडं वेगळं आहे हे मान्य करतो. किल्ला बांधतातच मुळी माणूस वर येऊ नये म्हणून. तिथली चढण ही किल्ल्याच्या अर्थाचा भाग आहे. रायगडला १९९६ पासून रोपवे आहे, तोही हिरकणीवाडीतून, ज्या हिरकणीची गोष्ट आपण कडा उतरण्यासाठी सांगतो तिच्याच नावाच्या वाडीतून. पांगळ्याला डोंगर ओलांडायला लावणारी देवाची कृपा आपल्या प्रार्थनेत आहे. इथे ती दोरावर आली. वर पोहोचलं की पुन्हा पायऱ्या आहेतच. तरी दादा तिथे जाऊन आला आणि बाजारपेठ दुरूनच बघितली. त्याला ते पुरलं. मला विचाराल तर प्रत्येक बुरुजावर खुर्ची गेलीच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. पण पायथ्याच्या तिकीटघराला, उपाहारगृहाला, शौचालयाला पायऱ्या कशासाठी? ते काही शिवकालीन नाही.

डोलीचं काय? अजिंठ्याला, घारापुरीला खुर्चीला दांडे बांधून उचलून नेतात. त्यावर अनेकांची घरं चालतात. दादा एकदाच बसला आणि म्हणाला, ‘मी सामान झालो.’ त्या बाईंनी मात्र सांगितलं की त्यांना डोली चालते. चौघांशी गप्पा मारत त्या वर गेल्या. मला वाटायचं स्वावलंबन हाच प्रतिष्ठेचा पाया आहे. आता तसं वाटत नाही. आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर असतो. लहानपणी असतोच, शेवटीही असतो. प्रश्न उचलण्याचा नाही. कुठं, कधी आणि कसं उचलायचं हे कुणी ठरवलं, हा आहे.

समुद्राबद्दल बाईंनी मुद्दाम विचारलं होतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २७ नोव्हेंबर २०२२ ला वाळूवरून पाण्याजवळ नेणारी लाकडी वाट खुली झाली, २६३ मीटर लांब. आयुष्यात पहिल्यांदा लाटांजवळ गेलेली माणसं तिथे होती. दोन आठवडे झाले नाहीत तोच मॅन्डूस चक्रीवादळ आलं आणि वाटेचं नुकसान झालं. हे झालं डोंगराचं, कंत्राटदाराचं नव्हे. ती वाट पुन्हा दुरुस्त केली, हे महत्त्वाचं. गोव्यात पणजीला जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट झाला, अपंगांनी आणि अपंगांसाठी. त्यानंतर तिकडे हालचाल आहे. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावर मात्र सध्या भरवसा तो ओल्या, घट्ट वाळूचा: ओहोटीची वेळ बघून जा, पुढची लहान चाकं वर उचलून खुर्ची उलटी ओढत न्या. हे मी दादासाठी केलंय.

आणि वेरूळ. दोन वर्षांपूर्वी आम्ही दादाला कैलास लेणं बघायला नेलं. वेरूळची चौतीस लेणी, त्यातलं सोळावं; आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडलं जाणारं. डोंगर वरून खाली कोरत आणलाय, त्यामुळे त्याचं अंगण जमिनीच्या पातळीला आहे. प्रवेशाशी चाकं थोडी अडली, दोघांनी मागून जोर दिला, आत गेलो. मंदिराच्या चौथऱ्याला हत्ती आहेत, सगळा भार पाठीवर घेतल्यासारखे. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास उचलतोय ते शिल्प आहे. मी आधी चार वेळा आलो होतो. विद्यार्थ्यांना घेऊन, घाईत, सरळ जिन्यानं वर. खालून, बसल्या माणसाच्या उंचीवरून ते मी कधी पाहिलंच नव्हतं. डोंगराखाली दबलेला रावण आपल्या अंगावर येतो.

वरच्या मंडपात जायला जिना आहे. मुलं निघाली, मी रेंगाळलो. दादानं मान वर करून रावणाकडे बघतच म्हटलं, ‘तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो.’ मी तिथेच उभा राहिलो. तर तो चिडला. ‘अरे जा की! मला बघू दे. आणि जाताना ती पाण्याची बाटली दे इकडे.’

येताना बाटली रिकामी होती. त्या दिवशीच्या हॉटेलचं दार तेहतीस इंचांचं होतं, मी आधी फोटो मागवून घेतला होता.

वेळ झाली. एक सूचना आहे, आयोजकांच्या परवानगीनं. पुढचं व्याख्यान इथे होणार नाही. कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर होईल. तिथे रॅम्प आहे. मी काल टेप घेऊन मोजला, एकास आठ निघाला, म्हणजे जरा उभा आहे. वाचनालयाच्या कार्यवाहांना मी पत्र दिलंय, आणि त्यांनी गवंड्याला बोलावलंय. बाईंना कळवलंय. त्या म्हणाल्या, ‘बघते, जमलं तर येते.’